पोळी बंद करण्याआधी: सीलिअ‍ॅक की ग्लुटेन संवेदनशीलता?

गहू सोडल्यावर पोट हलकं वाटलं, म्हणून 'मला ग्लुटेन चालत नाही' असं स्वतःच ठरवून टाकणारे आता घरोघरी भेटतात. त्रास खरा असतो, त्यात शंका नाही. पण गव्हाने होणारा त्रास मुख्यतः तीन निरनिराळ्या कारणांनी होतो, आणि स्वयंपाकघरात किती काटेकोर राहायचं ते कारणावर ठरतं. एकाला चाळणीला चिकटलेली कणीकही चालत नाही. दुसऱ्याने लग्नात अर्धी पुरी खाल्ली तरी काही बिघडत नाही. या दोघांनी एकमेकांचे नियम उचलले, तर पहिल्याचं आतडं झिजत राहतं आणि दुसरा विनाकारण जगापासून तुटतो.

म्हणून गहू अजून सोडला नसेल तर आत्ता सोडू नका. आधी रक्त तपासा.

तीन वेगळे आजार

सीलिअ‍ॅक हा स्वयंप्रतिकार आजार आहे. गहू, जव किंवा राय (गव्हाच्या जातकुळीचं परदेशी धान्य) यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषणारे आतड्याचे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. लोह, कॅल्शियम, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे. भारतात तो उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात जास्त आणि दक्षिणेत कमी दिसतो. जुलाब हवेतच असं नाही. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणं, मुलाची उंची अडकणं, कमी वयात हाडं ठिसूळ होणं, कोपर-गुडघ्यांवर खाजणारे फोड येणं, वंध्यत्व, यांपैकी एवढं एकच लक्षणही असू शकतं. पहिल्या प्रकारचा मधुमेह, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार किंवा डाउन सिंड्रोम असणाऱ्यांत याचं प्रमाण जास्त असतं.

गव्हाची अ‍ॅलर्जी अगदी वेगळी. खाल्ल्यावर मिनिटांत किंवा एक-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. काहींना गहू खाऊन लगेच व्यायाम केला तरच असं होतं. हे अ‍ॅलर्जीतज्ज्ञाचं काम. श्वास अडकला असेल तर थेट दवाखाना गाठायचा.

तिसरी ग्लुटेन संवेदनशीलता. गहू खाल्ल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पोट फुगतं, दुखतं, थकवा येतो, डोकं जड होतं, सांधे कुरकुरतात. पण रक्तात सीलिअ‍ॅकची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडत नाहीत आणि आतड्याचे अंकुर शाबूत असतात. हिच्यासाठी रक्ताची एकही खात्रीशीर चाचणी नाही. बाकीचं सगळं वगळूनच हिचं निदान होतं. 'फूड इन्टॉलरन्स' नावाने मोठ्या किमतीत विकली जाणारी शे-दोनशे पदार्थांची आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) चाचणी यासाठी निरुपयोगी आहे. ती प्रतिपिंडं बहुधा तुम्ही काय खाता एवढंच सांगतात.

तपासणीचा क्रम

पहिल्यांदा एकाच वेळी रक्ताच्या दोन चाचण्या करायच्या: टीटीजी-आयजीए (सीलिअ‍ॅकची प्रतिपिंडं शोधणारी) आणि एकूण आयजीए (या प्रकारची प्रतिपिंडं शरीरात पुरेशी आहेत का ते पाहणारी). उपाशीपोटी जायची गरज नाही. दुसरी चाचणी डॉक्टर कधी कधी लिहायला विसरतात, तेव्हा आपणच विचारावं. सीलिअ‍ॅकच्या रुग्णांत दोन-तीन टक्के लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही. अशांची टीटीजी-आयजीए खोटी निगेटिव्ह येते. मग आयजीजी प्रकारच्या चाचण्या कराव्या लागतात.

टीटीजी वाढलेली आली तर प्रौढांत सहसा एन्डोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून (ड्युओडिनममधून) तपासणीसाठी बारीक तुकडे घेतात, म्हणजेच बायॉप्सी करतात. ड्युओडिनमच्या दुसऱ्या टप्प्यातून किमान चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन. झीज सगळीकडे सारखी नसते, दोनच तुकडे घेतले तर ती निसटू शकते. लहान मुलांत टीटीजी वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही सीलिअ‍ॅकच्या प्रतिपिंडांची दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर बायॉप्सीशिवाय निदान करता येतं. हा निर्णय बालरोग-पोटविकारतज्ज्ञाचा. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला आतड्याचा आजार), जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), आतड्याचा क्षयरोग यांनीही अंकुर झिजतात. म्हणून नुसता बायॉप्सीचा अहवाल पाहून आयुष्यभराचं पथ्य सांगितलं जात असेल आणि रक्ताची चाचणी निगेटिव्ह असेल, तर दुसरं मत घ्या.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: रक्ताचा अहवाल पॉझिटिव्ह येतो, घरचे घाबरतात, त्याच संध्याकाळी पोळी बंद होते आणि एन्डोस्कोपीची तारीख महिन्यानंतरची असते. तोवर आतडं भरून यायला लागतं आणि अहवाल अर्धवट येतो. शेवटचा तुकडा काढेपर्यंत गहू चालू ठेवा.

गहू आधीच सोडलेला असेल तर दोन मार्ग आहेत. एक, एचएलए-डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकीय चाचणी. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं साधारण 30 ते 40 टक्के लोकांत असतात. दुसरा मार्ग, पुन्हा गहू खाऊन तपासणी. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज दोन पोळ्या, दोन वेगळ्या जेवणांत, सहा आठवडे, हा सोयीचा हिशोब. अजिबात सोसत नसेल तर डॉक्टर किमान दोन आठवड्यांवर निभावून नेतात. गर्भारपणात किंवा वजन खूप उतरलेलं असताना हे स्वतःच्या मनाने करू नका.

संवेदनशीलता आहे का, हे घरी कसं ठरवायचं

सीलिअ‍ॅक आणि अ‍ॅलर्जी दोन्ही नाहीत, हे कागदावर आल्यानंतरचाच हा भाग आहे. 2014 साली इटलीतल्या सालेर्नो इथे तज्ज्ञांनी ठरवलेल्या पद्धतीला घरगुती रूप दिलं तर ती अशी दिसते.

आधी दोन आठवडे नेहमीसारखं जेवा आणि वही ठेवा. सगळ्यात छळणारी एक ते तीन लक्षणं निवडा. रोज झोपताना प्रत्येकाला 1 ते 10 गुण द्या. सोबत झोप, पाळी, चहाचे कप आणि कामाचा ताणही लिहा. पोटाचे निम्मे घोटाळे तिथेच सापडतात.

मग सहा आठवडे ग्लुटेन पूर्ण बंद. गुण किमान 30 टक्क्यांनी उतरले पाहिजेत आणि सहापैकी तीन आठवडे तरी उतरलेले राहिले पाहिजेत. उतरले नाहीत, तर गव्हावरचा आरोप मागे घ्या आणि पोटविकारतज्ज्ञाकडे परत जा. पथ्य आणखी लांबवून काही हाती लागत नाही.

उतरले, तरी काम संपलेलं नाही. गहू सोडताना माणूस बिस्किटं, वडापाव, रात्रीचा पिझ्झा असं बरंच काही सोडतो. श्रेय नक्की कुणाचं? म्हणून आंधळी परीक्षा. ग्लुटेनची पावडर ऑनलाइन मिळते. तिच्यात साधारण 75 ते 80 टक्के प्रथिन असतं. घरातल्या दुसऱ्या माणसाने एक आठवडा रोज 10 ग्रॅम पावडर (म्हणजे आठ ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन) तांदळाच्या पिठात कोरडीच मिसळून, जिरं-मिरची घालून धिरडी करायची. मग एक आठवडा काहीच नाही. नंतर एक आठवडा तशीच धिरडी, पण पावडरीशिवाय. कुठला आठवडा आधी, हे करणाऱ्यालाच ठाऊक. पाणी घालून मग पावडर टाकली तर रबरी गुठळ्या होतात आणि गुपित फुटतं. दोन आठवड्यांच्या गुणांत 30 टक्के फरक दिसला, तरच ग्लुटेन दोषी धरायचं.

बऱ्याच जणांना हा फरक दिसत नाही. तरी पोळी खाल्ली की पोट फुगतंच. हे कोडं मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन यांच्या गटाने 2013 मध्ये आणि ऑस्लोतल्या संशोधकांनी 2018 मध्ये बरंचसं उलगडलं. गव्हात फ्रुक्टान नावाची साखळी-शर्करा असते. ती आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू होतो. स्वतःला ग्लुटेन-संवेदनशील समजणाऱ्या अनेकांचा खरा शत्रू हा फ्रुक्टान निघाला. तो कांद्यात आणि लसणात भरपूर असतो. तेव्हा गहू बंद असताना तीन दिवस कांदा-लसूण वगळा आणि नंतर तीन दिवस भरपूर खा. नुसत्या कांद्याच्या भाजीनेच पोट नगारा होत असेल, तर तुमचं पथ्य ग्लुटेनचं नाही. चातुर्मासात बरं वाटतं असं सांगणाऱ्यांनी ही परीक्षा जरूर करावी.

संवेदनशीलता ठरली की आपली मर्यादा शोधायची: पाव पोळी, तीन दिवस थांबून अर्धी, मग एक. आतड्याला इजा होत असल्याचं या प्रकारात दिसलेलं नाही, त्यामुळे सोसेल तेवढं खायला हरकत नाही. फ्रुक्टानवाल्यांना बराच वेळ आंबवलेला पाव कधी कधी चालतो, कारण आंबताना फ्रुक्टान कमी होतं. सीलिअ‍ॅकवाल्यांनी हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं. सहा महिन्यांनी मर्यादा पुन्हा तपासा, ती बदलू शकते.

सीलिअ‍ॅकचं स्वयंपाकघर

इथून पुढचा काटेकोरपणा सीलिअ‍ॅकसाठी. अभ्यासांवरून, दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेकांना बाधत नाही. 50 मिलिग्रॅम रोज गेलं तर काही महिन्यांत आतड्यावर दिसतं. 50 मिलिग्रॅम म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कणीक, एक चिमूट. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात तीन-चार मिलिग्रॅम ग्लुटेन. तीन दाणे पिठात गेले की दिवसाचा कोटा संपला. ग्लुटेनमुक्त म्हणवायची कायदेशीर मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे, म्हणजे एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे. धान्य निवडणं ही आजीची हौस नाही, हे यावरून कळेल. ज्वारी, बाजरी, मसूर ताटात पसरून दोनदा निवडा. डाळी दोन पाण्यांनी धुवा.

यानंतरची मोठी अडचण गिरणी. ज्वारी आपण निवडून नेतो आणि ती गव्हाच्याच जात्यावर दळली जाते. दगड, नळी आणि फडक्याची पिशवी यांत आधीचं पीठ अडकलेलं असतं. 'आधी थोडी ज्वारी काढून टाकतो' हा गिरणीवाल्याचा तोडगा सीलिअ‍ॅकला पुरत नाही. संवेदनशीलतेला पुरतो. सीलिअ‍ॅकच्या घरात घरघंटीचा खर्च पहिला करावा. ती नवी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही घालू नये, 'एकदाच, पाहुणे आलेत' म्हणूनसुद्धा नाही. जुनी, गहू दळलेली घंटी कितीही झटकली तरी स्वच्छ होत नाही. तोवर ग्लुटेनमुक्त छाप असलेलं पाकीटबंद पीठ वापरा. तांदूळ भिजवून मिक्सरमध्ये वाटता येतो, साबुदाणा आणि राजगिराही मिक्सरमध्ये फिरतात.

भांड्यांपैकी चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी काठवट, लाकडी उलथनं, किसणी आणि भाकरीचा तवा वेगळा. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ बसतं, ते घासून जात नाही. स्टीलची परात, कुकर, ताट-वाटी नीट घासून सगळ्यांची चालतात. लोणी, जॅम, चटणीची बरणी वेगळी हवी, कारण पोळी लावलेला चमचा परत आत जातो. कणीक चाळताना धूळ उडते, म्हणून आधी भाकऱ्या करून झाकून ठेवायच्या आणि मग कणीक मळायची. तळणाचं तेल शंकरपाळ्यांचं असेल तर त्यात पापड तळू नका.

यात एक सोय आपल्या घरांत आधीपासून आहे. अनेक घरांत उपवासाचे डबे आणि भांडी वेगळी असतात, आणि साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा हे सगळं मुळात ग्लुटेनमुक्त. घरच्यांना 'हे उपवासाच्या डब्यांसारखं' एवढं सांगितलं की शिस्त लगेच समजते.

कुठे फसायला होतं

सगळ्यात फसवा हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात खाद्य गोंदाबरोबर बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, नाहीतर शुद्ध खडा हिंग घ्या आणि अगदी कणभर वापरा. लोणची, पापड, फोडणीचं वरण, सांबार, सगळीकडे तो असतो.

मग मेतकूट: पारंपरिक कृतीत गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीतही. सातूच्या पिठात गहू आणि जव. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, पण तांदळाच्या आणि साबुदाण्याच्या पापड्या चालतात. डिंकाच्या नि मेथीच्या लाडवांत कणीक, बाजारच्या बेसन लाडवांत रवा असू शकतो. ढोकळ्यातही रवा मिसळतात. हॉटेलातला साधा डोसा रवा डोशाच्याच तव्यावर होतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून चायनीजच्या गाडीवरचा भातही बाद. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या, आणि बिअरही जवाची. ओट्स मुळात वेगळं धान्य आहे, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळलेलं येतं. ग्लुटेनमुक्त छाप असेल तरच घ्या, आणि निदानानंतर पहिले काही महिने तेही नको.

खपली गव्हाबद्दल जरा जोर देऊनच सांगायला हवं. सांगली-साताऱ्याकडचा हा गहू 'ग्लुटेन कमी', 'मधुमेहींना चालतो' म्हणून विकला जातो. खपली हा गहूच आहे. संवेदनशीलता असणाऱ्याला तो सोसू शकतो. सीलिअ‍ॅकवाल्याला विकणारा माणूस अज्ञानी किंवा अप्रामाणिक आहे.

प्रसादाचा शिरा रव्याचा. पानावर घेऊन नमस्कार करावा आणि दुसऱ्याला द्यावा. एक चमचा म्हणजे काही ग्रॅम रवा, वर हिशोब दिलाच आहे. गोव्यात आणि वसईत कम्युनियनची होस्ट (प्रार्थनेत मिळणारी पातळ चकती) गव्हाचीच असते. चर्च पूर्ण ग्लुटेनमुक्त होस्ट मान्य करत नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची होस्ट चालते किंवा नुसता द्राक्षारस घेता येतो. फादरशी आधी बोलून ठेवा, वेगळ्या भांड्याची आठवणही करा. गोव्याची पोई (पाव) गव्हाची, सान्नां (इडलीसारखी) तांदळाची.

सणांत उकडीचे मोदक, अनारसे, पोह्यांचा चिवडा, डाळ-तांदळाच्या भाजणीची चकली यांनी ताट भरतं. फक्त त्यांचा घाणा ताज्या तेलात आधी काढा. बाहेर पडताना भाकरी, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याची वडी, केळी जवळ असू द्या. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं असलं तरी कढई समोशाची असते.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक बारकावा. अमेरिकेत अ‍ॅलर्जीच्या सूचनेत गहू लिहिणं सक्तीचं आहे, जव आणि राय नाही; त्यामुळे 'बार्ली माल्ट' घटकांच्या यादीतच शोधावा लागतो. ब्रिटनमध्ये ही सगळी धान्यं यादीत ठळक छापतात.

पोळीच्या जागी काय

नुसता भात वाढवला तर बद्धकोष्ठ होतं आणि वजनही वाढतं. ज्वारी, बाजरी, नाचणीत तंतू कणकेइतकेच, म्हणजे शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम असतात. नाचणीत कॅल्शियम साधारण 360 मिलिग्रॅम आणि बाजरीत लोह कणकेपेक्षा जास्त. दुकानातली ग्लुटेनमुक्त बिस्किटं मात्र बहुतेकदा स्टार्च, साखर आणि तेल.

भाकरी थापता येत नसेल तर उकडीची पोळी करा. एक वाटी पाणी, मीठ आणि एक चमचा तेल उकळा, आच बंद करून एक वाटी ज्वारीचं पीठ घाला, ढवळून दहा मिनिटं झाका. कोमट असतानाच तळहाताने पाच मिनिटं मळा. थंड झाल्यावर मळलं तर कडा फाटतात. तरी फाटत असेल तर वाटीभर पिठाला एक चमचा इसबगोल कोरडाच मिसळा. ग्लुटेनचं चिकटपण इथे उकडलेला स्टार्च आणि इसबगोल देतात. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग काहीही केलं तरी भाकरी तुटते. बाजरीचं तर कडू होतं. आठवड्यापुरतंच दळा. डब्यासाठी पोळी गरम असतानाच फडक्यात गुंडाळा.

पुढचा पाठपुरावा

सीलिअ‍ॅकमध्ये टीटीजी सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा. सुरुवातीलाच हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी12, फॉलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि प्रौढांत हाडांची घनता तपासून घ्या. पहिले काही महिने अनेकांना दूधही सोसत नाही, कारण लॅक्टोज पचवणारं एन्झाइम त्या झिजलेल्या अंकुरांच्याच टोकांवर असतं. तोवर दही-ताक घ्या, अंकुर भरून आले की दूध परत चालतं. मुलांचं आतडं लवकर सावरतं, मोठ्यांना वर्षं लागू शकतात. टीटीजी उतरत नसेल तर औषध शोधण्याआधी हिंग, गिरणी आणि ऑफिसचा डबा तपासा. बहुतेक वेळा नकळत जाणारं ग्लुटेनच कारण असतं.

आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी करून घ्या, तक्रार नसली तरी. जवळच्या नात्यात साधारण दहा-पंधरा जणांमागे एकाला हा आजार निघतो. मुलांची एकदा निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही, काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. ज्या मुलाची तपासणी व्हायची आहे त्याला तोवर पोळी खाऊ द्या.